घरचा गोंद, बाजारचा बूट आणि नाक्यावरचा कारागीर

पावसाळा लागला की मीरा-भाईंदरमधील घराघरांतून बुटांचे तळवे उघडू लागतात. जूनमध्ये शाळेसाठी घेतलेला मुलाचा काळा बूट ऑगस्ट उजाडण्यापूर्वीच पुढून तोंड वासतो. लोकल पकडण्यासाठी रोज धावतपळत स्टेशन गाठणाऱ्या नोकरदाराच्या बुटाची टाच एका बाजूने झिजलेली असते आणि सोल कडेने सुटलेला असतो. मग घरातील कोणीतरी खालच्या जनरल स्टोअरमधून पाच-दहा रुपयांची झटपट चिकटणारी ट्यूब आणतो, दोन थेंब सोडतो, अंगठ्याने दाबतो आणि काम झाले असे समजतो. दोन दिवसांनी तोच बूट त्याच जागी उघडतो. पुन्हा ट्यूब, पुन्हा दोन थेंब. तिसऱ्या खेपेस बूट कचऱ्याच्या डब्यात जातो आणि नव्या जोडासाठी बाजार गाठला जातो.

हा खर्च कोणी वहीत लिहीत नाही. दूध, धान्य, शाळेची फी, घराचे भाडे, सोसायटीचे मेंटेनन्स या सर्वांचा हिशेब ठेवला जातो, पादत्राणांचा नाही. समजा, पाच माणसांचे कुटुंब आहे आणि प्रत्येकास वर्षाला दोन जोड लागतात. जोड सरासरी पाचशे रुपयांचा धरला तरी वर्षाचे पाच हजार झाले. यातील प्रत्येक जोड दीडपट टिकला तर सोळाशे रुपयांहून अधिक रक्कम घरातच राहते. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाख ९ हजार होती आणि त्यानंतर शहर वाढतच गेले आहे. पुढचा गुणाकार वाचकांनी स्वतः करावा.

आमचे मत स्पष्ट आहे. घरच्या घरी पादत्राणांची डागडुजी करणे शहाणपणाचे आहे आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. प्रेषित मुहम्मद (स.) आपली पादत्राणे स्वतः दुरुस्त करीत असत, असे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये नमूद आहे, त्यामुळे आपल्या घरांत तरी या कामाची लाज वाटण्याचे कारण नाही. परंतु आज हे काम ज्या पद्धतीने होते, ती पैसा वाचविण्याच्या नावाखाली पैसा घालविण्याची पद्धत आहे. यात दोष ग्राहकाचा कमी आणि बाजाराचा अधिक आहे. बाजाराने प्रत्येक बुटासाठी एकच ट्यूब पुढे केली, कोणता सोल कशाने चिकटतो हे कोणी सांगितले नाही, आणि ज्याला हे ठाऊक असायला हवे तो नाक्यावरचा कारागीर आपण हळूहळू गमावीत आहोत.

बूट मुळात का उघडतो, हे प्रथम पाहू. पूर्वी चामड्याच्या बुटाचा तळ शिवलेला असे. शिवण सुटली की कारागीर आरी आणि मेणाचा दोरा घेऊन पुन्हा टाके घालत असे आणि बूट आणखी दोन-तीन वर्षे चालत असे. आज बाजारात येणारे बहुतेक बूट, मग ते आग्र्याचे असोत, कुर्ल्याच्या ठक्कर बाप्पा कॉलनीतील असोत की मोठ्या कंपनीचे, तळाशी चिकटवलेले असतात. चांगल्या कारखान्यात अप्परची खालची बाजू घासून खरखरीत करतात, सोलवर आधी प्रायमर लावतात, मग पॉलियुरेथेन जातीचा गोंद लावून तो उष्णतेने जागा करतात आणि यंत्राखाली दाबतात. यातील एक जरी पायरी घाईत उरकली, तरी तो जोड दुकानात चकचकीत दिसतो आणि पहिल्याच पावसात उघडा पडतो. स्वस्त मालात प्रायमरची पायरी वगळण्याचा मोह मोठा असतो, कारण ती ग्राहकाला दिसत नाही.

आता ट्यूबकडे वळू. झटपट चिकटणारा जो पातळ गोंद घरोघरी वापरला जातो तो सायनोअॅक्रिलेट जातीचा. हवेतील ओलाव्याने तो काही सेकंदांत घट्ट होतो. कपाची तुटलेली दांडी, खेळण्याचा तुकडा, चष्म्याची फ्रेम अशा न वाकणाऱ्या वस्तूंसाठी तो उत्तम. पण तो सुकल्यावर काचेसारखा कडक होतो. बूट तर चवड्याशी प्रत्येक पावलाला वाकतो. कडक गोंद आणि वाकणारा सोल यांचे जमणार कसे? तो तडकतो, आणि तडकताना आपला कडक थर सोलवर सोडून जातो, ज्यावर पुढे चांगला गोंदही नीट धरत नाही. म्हणजे पहिली चुकीची दुरुस्ती पुढच्या योग्य दुरुस्तीची वाटही अडविते. आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. हा गोंद सांडल्यावर सुती फडक्याने किंवा कापसाने पुसू नये. सुतावर पडला की तो एकदम तापतो आणि बोट भाजू शकते.

सुताराचा पांढरा गोंदही येथे निरुपयोगी आहे. तो लाकडासाठी आहे आणि पाण्याने मऊ पडतो. एपॉक्सी कडक होते, त्यामुळे तेही वाकणाऱ्या जागी नको. बुटासाठी हवा तो रबरी गोंद. सुतार सनमायका चिकटविण्यासाठी जो पिवळसर, चिकट, उग्र वासाचा द्रव वापरतात आणि नाक्यावरचा कारागीर ज्याला सोल्युशन म्हणतो, त्या जातीचा. हार्डवेअरच्या दुकानात तो छोट्या ट्यूबमध्ये आणि डब्यात मिळतो. त्याचा आधार निओप्रीन नावाचे कृत्रिम रबर, जे अमेरिकेत १९३० मध्ये तयार झाले. सुकल्यावरही तो लवचिक राहतो आणि पाण्याने सुटत नाही.

पण हा गोंद वापरण्याची रीत उलटी आहे आणि तेथेच बहुतेकांचे काम बिघडते. आपली सवय अशी की गोंद ओला असताना दोन भाग दाबायचे. येथे तसे केले तर आतील द्रावक अडकून बसते आणि जोड कच्चा राहतो. आधी जुना गोंद आणि माती पूर्ण खरवडून काढावी. बूट धुतला असेल तर किमान एक दिवस सावलीत वाळू द्यावा. वरून कोरडा दिसला तरी आत ओल असते. त्यानंतर दोन्ही पृष्ठभाग काचकागदाने घासून खरखरीत करावेत आणि धूळ झटकावी. मग दोन्ही बाजूंना पातळ थर. जाड नव्हे! चामडे किंवा कापड पहिला थर शोषून घेते, म्हणून त्यावर तो सुकल्यावर दुसरा पातळ थर द्यावा. नंतर दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, बोट लावले तर चिकट वाटेल पण गोंद बोटाला येणार नाही, इतके. तेव्हाच दोन्ही भाग जुळवावेत, तेही पुढच्या टोकाकडून मागे, एकदाच आणि अचूक. कारण स्पर्श झाला की सरकविता येत नाही. बुटात आधीच वर्तमानपत्राचे बोळे गच्च भरून ठेवावेत म्हणजे दाबताना आकार बिघडत नाही. मग हातोडीच्या मागच्या बाजूने सगळीकडे ठोकावे आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी ताणून बुटाभोवती गुंडाळावी. ही पट्टी फुकट मिळते आणि तिच्याइतका सारखा दाब वीट ठेवूनही मिळत नाही. चोवीस तास बूट घालू नये. मुलाला दुसऱ्या दिवशी शाळेत जायचे असेल तर हे काम शनिवारी रात्री करावे.

आपल्या शहरात एक अडचण अधिक आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. जुलै-ऑगस्टमध्ये येथील हवा ओलीचिंब असते. गोंदातील द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतील बाष्प त्यावर बसते. गोंदावर पांढुरकी, निस्तेज साय आल्यासारखी दिसते. त्या अवस्थेत दाबलेला जोड हमखास सुटतो. अशा दिवसांत पंख्याखाली गोंद सुकवून भागत नाही. द्रावक उडून गेल्यानंतर, म्हणजे वास बराच कमी झाल्यावर, केस वाळविण्याच्या यंत्राची कोमट हवा दोन-तीन मिनिटे द्यावी आणि गोंद कोमट असतानाच दाबावे. गोंद ओला असताना मात्र असे कोणतेही तापणारे यंत्र जवळ आणू नये. ती वाफ पेट घेते.

यापुढचा प्रश्न सोलचा. सगळे सोल काळे दिसतात, पण सारखे नसतात. खऱ्या रबराचा सोल आणि चामड्याचा सोल वर सांगितलेल्या गोंदाने चांगले धरतात. पीव्हीसीच्या सोलचे तसे नाही. स्वस्त शाळेच्या बुटांत आणि प्लास्टिकच्या सँडलमध्ये हाच सोल असतो. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखे द्रव्य मिसळलेले असते. ते हळूहळू बाहेर येते, निओप्रीनच्या गोंदात उतरते आणि गोंदच मऊ करून टाकते. महिनाभर ठीक, मग पुन्हा उघडले, असा अनुभव येतो तो यामुळे. त्यासाठी पॉलियुरेथेनचा गोंद हवा. जिममध्ये किंवा सकाळी चालताना घालण्याच्या हलक्या बुटांत ईव्हीए नावाचा फोम असतो आणि त्यावर प्रायमरशिवाय गोंद टिकत नाही. हे प्रायमर आणि पॉलियुरेथेन गोंद चर्मोद्योगाचा माल विकणाऱ्या दुकानांत डब्यांनी मिळतात, पण आपल्या गल्लीतील हार्डवेअरवाल्याकडे शोधूनही सापडणे कठीण.

आणि एक सोल असा आहे की ज्यापुढे कोणत्याही गोंदाची मात्रा चालत नाही. ईदला किंवा लग्नात दोनदा घातलेला महागडा बूट खोक्यात जपून ठेवलेला असतो. चार-पाच वर्षांनी काढून घालावा तर चार पावलांत तळ बिस्किटासारखा भुगा होऊन पडतो. घरातील मंडळी दुकानदाराला शिव्या देतात किंवा उंदरावर संशय घेतात. प्रकार वेगळाच असतो. हा सोल पॉलियुरेथेनच्या फोमचा. हवेतील बाष्प त्याच्या घटकांचे बंध आतून तोडीत राहते आणि दमट, उष्ण हवेत ही क्रिया वेगाने होते. बूट न वापरल्याने तो वाचत नाही. भुगा झालेल्या फोमवर गोंद लावणे म्हणजे वाळूवर भिंत बांधणे होय. अप्पर चांगला असेल तर कारागिराकडून पूर्ण नवा तळ बसवून घ्यावा, नाहीतर त्याचा मोह सोडावा. तात्पर्य, असा बूट घेतला तर घालावा. जपून ठेवण्याची वस्तू ती नव्हे.

दोन सवयींबद्दलही लिहिणे भाग आहे. मशिदीत दिवसातून अनेक वेळा बूट काढावे-घालावे लागतात आणि घाईत नाडी न सोडता टाच चिरडून पाय आत सारला जातो. मागचा कडक भाग एकदा मोडला की बुटाचा आकार जातो आणि सारा ताण सोलच्या कडेवर येतो. ज्याला पाच वेळा बूट काढायचे आहेत त्याने नाडीचा बूट घेऊच नये. सरळ मोकासिन किंवा चांगली चप्पल घ्यावी. दुसरे असे की, वुजू करून ओले पाय तसेच बुटात जातात. इनसोल भिजते, ओल खाली उतरते आणि गोंद आतून सुटू लागतो. खिशात एक छोटा रुमाल ठेवला तर बुटाचे आयुष्य कितीतरी वाढेल.

घरी गोंद वापरण्याचा विषय निघाला की एका धोक्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. या गोंदांतील द्रावके, टोल्युइन, हेक्झेन आणि त्यांची भावंडे, फुप्फुसांना आणि मज्जातंतूंना घातक आहेत. तुर्कस्तानातील डॉक्टर मुझफ्फर अक्सोय यांनी इस्तंबूलच्या बूट बनविणाऱ्या कामगारांमधील रक्ताच्या कर्करोगाच्या २६ रुग्णांची माहिती १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. हे कामगार बंद, लहान खोल्यांत बेंझिन असलेल्या गोंदावर वर्षानुवर्षे काम करीत होते. जपानमध्ये १९६० च्या दशकात घरबसल्या चपला चिकटविणाऱ्या कामगारांचे हातपाय लुळे पडू लागले, कारण हेक्झेन. वर्षातून दोनदा बूट चिकटविणाऱ्याने घाबरून जावे असे यात काही नाही, परंतु नया नगर किंवा शांती नगरच्या एका खोलीच्या घरात दारे-खिडक्या लावून, शेजारी गॅस पेटलेला असताना आणि लहान मूल कडेवर असताना हे काम करणे म्हणजे शुद्ध बेपर्वाई. गॅलरीत किंवा गच्चीवर करावे. डबा घट्ट बंद करून उंचावर ठेवावा. स्टेशनच्या आसपास काही मुले रुमालावर असाच गोंद घेऊन हुंगतात, हे आपण सर्वच पाहतो. घरातील उघडा डबा त्याच वाटेचे पहिले पाऊल ठरू शकतो. हुंगण्यासाठी म्हणून मागणाऱ्या मुलाला जो दुकानदार चार पैशांसाठी ट्यूब विकतो, त्याच्या गल्ल्यात बरकत कोठून येणार?

आता व्यापाराच्या बाजूने पाहू. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. तिने शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे घेतली. पादत्राणांचा विचार झाला नाही. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवरील जीएसटी पाच टक्क्यांवर आला. नवा जोड घेणे अधिक सोपे झाले. ग्राहकाला सवलत मिळाली ही चांगली गोष्ट, पण जुना जोड टिकविणाऱ्या माणसाच्या वाट्याला काय आले?

तो माणूस आजही स्टेशनबाहेर, पुलाच्या पायथ्याशी, छत्रीखाली रापी आणि आरी घेऊन बसलेला दिसतो. त्याला टाके घालता येतात. पीव्हीसी आणि ईव्हीएचे शास्त्र त्याला कोणी शिकविले नाही. त्यामुळे तो स्पोर्ट्स शूजलाही जाड दोऱ्याचे टाके मारतो, फोम फाटतो, ग्राहक नाराज होतो आणि ट्यूबकडे वळतो. राज्यात संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४ पासून आहे. गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल देण्याची समाजकल्याण खात्याची योजनाही आहे, परंतु ती अनुसूचित जातींसाठी आहे आणि मुस्लिम मोची त्या यादीत बसत नाहीत. त्यांच्यासाठी, किंबहुना या कामातील कोणत्याही कारागिरासाठी, १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पंतप्रधान विश्वकर्मा योजना उपयोगी आहे. तिच्यातील अठरा व्यवसायांत पादत्राणांचे काम आहे. प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी १५ हजार रुपये आहेत आणि त्यापुढे पाच टक्के व्याजाने कर्ज आहे. व्याजामुळे आपल्यातील अनेकांना कर्ज नको असते; ते घेऊ नये. अवजारांची रक्कम मात्र कर्ज नाही. १५ हजारांत गरम हवेची बंदूक, लोखंडी फर्मा, घासण्याचे छोटे यंत्र, प्रायमर आणि पॉलियुरेथेन गोंदाचे डबे येऊ शकतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात केवळ माल विकणारेच नव्हे, तर रस्त्यावर सेवा देणारेही धरलेले आहेत. म्हणजे मोचीलाही सर्वेक्षणात नाव नोंदवून विक्री प्रमाणपत्र मागण्याचा हक्क आहे. हे त्याला समजावून सांगणारा एखादा शिकलेला तरुण मोहल्ल्यात असला पाहिजे.

शिकलेल्या तरुणांचा विषय निघालाच आहे तर बोलू. बारावी होऊन मोबाइल दुरुस्तीचे दुकान टाकणारे या शहरात गल्लोगल्ली आहेत आणि त्यांची आपापसांत गळेकापू स्पर्धा चालू आहे. दोन-तीन हजारांचे, कधी त्याहून महाग स्पोर्ट्स शूज तळ सुटला म्हणून पडून असलेली घरे त्याच गल्लीत आहेत. जो तरुण प्रायमर, योग्य गोंद आणि दाब यांचे काम नीट शिकेल, दोन महिन्यांची लेखी हमी देईल आणि घरून जोड नेऊन परत पोहोचवील, त्याला गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही. मात्र या धंद्याला कमी लेखणारी घरची मंडळी आधी समजावावी लागतील. मोबाइल उघडणारा ‘इंजिनिअर’ आणि बूट उघडणारा ‘मोची’, हा भेद आपल्या मनातला आहे. कमाई दोघांची सारखीच हलाल आहे.

दुकानदारांनाही दोन शब्द. पादत्राणांच्या दुकानदाराने विकताना एवढेच सांगावे की सोल कशाचा आहे. त्याला ते माहीत असते किंवा घाऊक व्यापाऱ्याला विचारून कळू शकते. जनरल स्टोअरवाल्याने झटपट ट्यूबच्या शेजारी रबरी गोंदाची छोटी ट्यूबही ठेवावी आणि बूट चिकटविण्यासाठी कोणी आला तर ती पुढे करावी, जरी त्यात नफा थोडा कमी सुटत असला तरी. हार्डवेअरवाल्यांनी पॉलियुरेथेन गोंद आणि प्रायमरचा छोटा डबा मागवून पाहावा. वर मराठी, हिंदी आणि उर्दूत चार ओळींची सूचना चिकटवली तर माल पडून राहणार नाही. पुढील जूनमध्ये शाळा उघडण्याआधी, मे महिन्याच्या अखेरीस हा माल फळीवर असावा. कारण पहिला पाऊस पडल्यावर आलेला गिऱ्हाईक थांबत नाही, जी ट्यूब समोर दिसेल ती उचलून निघून जातो.